जुने सुपरवायझर, नवा मॅनेजर: हॉटेलचा कारभार हातात घेण्याचा क्रम

दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की मला एकाच प्रकारचे फोन यायला लागतात. फोन करणारा तिशीच्या आतबाहेरचा, नुकताच मॅनेजर झालेला. नाहीतर शेटांचा मुलगा किंवा मुलगी, बाहेर शिकून घरच्या हॉटेलात आलेली. तक्रार ठरलेली: "जुनी माणसं ऐकत नाहीत." पुढच्या दोन-चार दिवसांत त्याच हॉटेलातल्या एखाद्या जुन्या सुपरवायझरची गाठ पडते. तो म्हणतो, "पोर हुशार आहे हो, पण त्याला सांगणार कोण?" दोघंही खरं बोलत असतात. माणसं बहुधा ठीकच असतात, फक्त कामं उलट्या क्रमाने झालेली असतात. आधी सॉफ्टवेअर आलेलं असतं, मग रोस्टर (ड्युट्यांचं वेळापत्रक) बदललेलं असतं, आणि सगळं अडल्यावर कोणीतरी जुन्या माणसाला विचारायला गेलेलं असतं.

खालचा क्रम गोव्यातल्या २५ ते ८० खोल्यांच्या हॉटेलांसाठी आहे, जिथे वेगळा एचआर विभाग नसतो आणि मालक रोज संध्याकाळी एक फेरी मारतो. वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यातल्या माणसालाही तो चालेल, फक्त सीझनच्या जागी त्याने आपल्या ऑर्डरचं वेळापत्रक धरावं.

## सुरू करण्याआधी: जन्मसालाची लेबलं विसरा

ट्रेनिंगवाले पडद्यावर एक तक्ता दाखवतात. १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेले असे, १९६५ ते १९८० वाले तसे, १९८१ ते १९९६ वाले तिसरे, १९९७ पासूनचे चौथे. ही विभागणी अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जन्मदर वाढला, तिथून ती सुरू होते. आपल्या स्टाफ रूममध्ये तिचा फारसा उपयोग नाही.

गोव्याच्या हॉटेलात माणूस किती वर्षांचा आहे यापेक्षा कुठल्या वाटेने आला हे बघा. एक वाट परदेशी पर्यटकांना थेट घेऊन येणाऱ्या चार्टर विमानांच्या काळातली. पोऱ्या म्हणून लागले, कोणाच्या तरी हाताखाली शिकले, मार खाल्ला, सुपरवायझर झाले. यांच्यासाठी काम म्हणजे माणूस. अमक्याने शिकवलं म्हणून असं करायचं. दुसरी वाट खाणींची. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मध्यंतरी थोड्या चालल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगेची बरीच माणसं चाळिशीच्या आसपास हॉटेलांत आली. कोणी ट्रकवर होता, कोणी वर्कशॉपमध्ये. हे वयाने जुने, पण धंद्यात नवे. यांना 'जुनी पिढी' समजून वागवलं की हमखास चुकतं. चेकलिस्ट, लॉगबुक, सेफ्टीची शिस्त यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते. तिसरी वाट हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजची. यांना सगळं लिहिलेलं लागतं, कारण सांगितलेलं लागतं, आणि ड्युटी कधी संपते हे आधी कळावं लागतं.

कामाला लागण्यापूर्वी प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याची वाट लिहा. जन्मतारखेचा रकाना नको.

## टप्पा १: सुरुवात जूनमध्ये

आपला सीझन ऑक्टोबर ते मार्च. नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. एप्रिल-मे मध्ये शाळांच्या सुट्ट्यांची कुटुंबं येतात. उरतात पावसाचे चार महिने. शनिवार-रविवार सोडले तर खोल्या रिकाम्या, स्टाफ निवांत, आणि वर्षातली दुरुस्ती चालू. शिकायला-शिकवायला हाच काळ. त्याचे भाग असे पाडा:

१. जून: ऐकणं.
२. जुलै: लिहिणं.
३. ऑगस्ट: एकच बदल.
४. चवथीची (गणेश चतुर्थीची) रजा: परीक्षा.
५. त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत: डागडुजी.
६. १ ऑक्टोबरपासून: हात बांधून बसणं.

चवथीची तारीख आधी कॅलेंडरमध्ये बघा. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. १८ दिवसांचा फरक पडला की ऑगस्टचं सगळं गणित बदलतं.

पहिल्या दिवसाआधी तीन गोष्टी टेबलावर हव्यात. गेल्या १२ महिन्यांची हजेरी. गेल्या सीझनमधल्या पाहुण्यांच्या तक्रारी, ऑनलाइन आलेल्या आणि काउंटरच्या वहीतल्या अशा दोन्ही. आणि परवाने-नोंदण्यांच्या नूतनीकरणाच्या तारखा: पर्यटन खात्याची नोंदणी, पंचायतीचा परवाना, अबकारी, अन्नसुरक्षा, अग्निशमन. या तारखा बऱ्याच ठिकाणी एकाच माणसाच्या डोक्यात असतात आणि तो माणूस निवृत्तीला टेकलेला असतो.

सावध: "आजपासून हे बघतील" एवढं बोलून शेट घरी गेले तर घोषणा झाली असं धरू नका. काय बघतील? खरेदी? रजा? उचल? प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर, शेटांच्याच तोंडून यायला हवं. ते होत नसेल तर काम सुरू करू नका. एक आठवडा थांबलेलं परवडतं.

## टप्पा २: खरा कारभार कोणाच्या हातात आहे ते शोधा

ऑफिसातला हुद्द्यांचा तक्ता भिंतीवरच राहू द्या. वही घ्या आणि तीन वेगवेगळ्या माणसांना तेच प्रश्न विचारा. पाणी आलं नाही तर पहिला फोन कोणाला? रात्री दोनला पाहुण्याच्या छातीत दुखलं तर? लॉन्ड्रीची गाडी आली नाही तर? जे नाव तीनदा येतं ते लिहा.

एका हॉटेलात मला पाण्याच्या टँकरवाल्याचा नंबर लॉन्ड्रीतल्या माणसाकडे मिळाला. स्टोअरकडे नव्हता, मेंटेनन्सकडे नव्हता. कारण इतकंच, की टँकरवाला त्याच्या वाड्यावरचा. मे महिन्यात अख्खं हॉटेल त्याच्या एका फोनवर चालत होतं आणि पगारपत्रकावर तो 'हेल्पर'.

तीन रकाने करा: काम, हुद्द्याने कोणाचं, प्रत्यक्षात कोण करतं. जिथे दुसरा आणि तिसरा रकाना जुळत नाही त्या ओळींवर खूण करा. तुमचा सगळा जून या खुणांमध्ये जाणार आहे.

तपासा: एकही खूण झाली नसेल तर तुम्हाला लोकांनी हुद्द्याचंच उत्तर दिलं आहे. म्हणजे अजून विश्वास बसलेला नाही. आठवडाभराने पुन्हा विचारा, या वेळी केबिनबाहेर.

## टप्पा ३: तीन आठवडे फक्त ऐका

हा टप्पा सगळे वगळतात. मीही वगळला होता.

तेव्हा मी उत्तर गोव्यात बार्देशच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात नवा ऑपरेशन्स मॅनेजर होतो. मेंटेनन्सचे मामा रोज सकाळी पंपरूममध्ये जाऊन पंपाच्या अंगावर तळहात ठेवायचे, डोळे किलकिले करून. मला ते देवाला हात लावल्यासारखं वाटायचं. मी त्यांना दर दोन तासांनी रीडिंग भरायचा छापील फॉर्म दिला. ते इमानाने भरत. २७ डिसेंबरला फॉर्म देताना ते म्हणाले, "आज हा जड चालतो." फॉर्मवर आकडे बरोबर होते. मी सही केली. २९ तारखेला संध्याकाळी सातला बेअरिंग गेलं. सगळ्या खोल्या भरलेल्या, समुद्रावरून आलेली माणसं अंगावर वाळू घेऊन शॉवरखाली उभी. मामांनी स्टँडबाय पंप जोडला तेव्हा साडेनऊ वाजले होते. 'जड चालतो' हे लिहायला माझ्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

त्यांच्या हाताला जे कळत होतं त्याला तंत्रज्ञ व्हायब्रेशन आणि तापमान म्हणतात. मोठ्या कारखान्यांत ते मोजायला उपकरणं असतात. आमच्याकडे मामांचा तळहात होता आणि मी त्याची किंमत शून्य धरली. तेव्हापासून मी प्रत्येक फॉर्मच्या तळाशी एक रिकामी ओळ ठेवतो: 'आज काय वेगळं वाटलं?'

### कधी आणि कुठे

दुपारी तीन ते साडेचार. स्टाफचं जेवण झालेलं असतं, सकाळचे चेकआउट उरकलेले असतात, संध्याकाळची धावपळ सुरू झालेली नसते. केबिनमध्ये बोलावू नका, केबिनमध्ये बोलावणं म्हणजे मेमो. त्यांच्या जागी जा: लिनन रूम, पंपरूम, स्टोअरच्या दारातला स्टूल. चहा तुम्ही मागवा.

### कसं विचारायचं

"तुम्ही हे असं का करता?" हा प्रश्न कॉलेजातून आलेल्या मुलाला नुसता प्रश्न वाटतो. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला तो आरोप वाटतो. त्याचं उत्तर एकच येतं: "पहिल्यापासून असंच आहे." त्यापेक्षा घडलेल्या गोष्टीवरून विचारा. "गेल्या पावसात दुसऱ्या मजल्यावर पाणी आलं होतं म्हणे, तेव्हा काय केलंत?" माणूस गोष्ट सांगायला लागतो, आणि नियम त्या गोष्टीतच असतात.

तीन प्रश्न मला नेहमी कामाला आले आहेत:

- हे काम पहिल्यांदा चुकलं होतं ते कधी?
- तुम्ही रजेवर असता तेव्हा काय बिघडतं?
- नव्या पोरांना सांगूनही काय कळत नाही?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागतो, आणि येतं तेव्हा वही भरते.

### हाक कशी मारायची

गोव्यात नावापुढे 'बाब' आणि 'बाय' लावलं की पुरे. काका, मामा चालतं, पण आधी इतर काय म्हणतात ते ऐका. 'सर' म्हणालात तर जुनी माणसं अवघडतात. आणि पुण्या-मुंबईकडून आलेल्यांसाठी एक गोष्ट: इथली जुनी माणसं घरात कोंकणी बोलतात. कोंकणीत 'तूं' हा आपुलकीचा शब्द आहे, आईलासुद्धा 'तूं'च म्हणतात. ती सवय मराठी बोलतानाही येते. साठीच्या सुपरवायझरने "तू जेवलास काय?" विचारलं तर तो तुम्हाला कमी लेखत नाही. तुम्ही मात्र उलट 'तू' म्हणू नका. कोंकणी येत असेल तर 'तुमी' म्हणा.

तपासा: तीन आठवड्यांनी तुमच्या वहीत निदान १५ अपवाद हवेत. अपवाद म्हणजे 'एरवी असं, पण अमुक झालं तर तसं'. नियम कोणीही सांगतो. अपवाद सांगितले तर समजा, माणूस उघडला.

## टप्पा ४: लिहून काढा, त्यांच्या शब्दांत

एका कामाला एक पान. वर कामाचं नाव आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव. खाली चारच गोष्टी: रोज काय करायचं, कधी चुकतं, चुकलं तर काय, फोन कोणाला.

पान देवनागरीत लिहा, मराठीत किंवा कोंकणीत, जसं तो माणूस बोलला तसं. 'जड चालतो' तर 'जड चालतो'. इंग्रजी एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धतीचा कागद) ऑडिटला लागते, ती फाइलमध्ये असू द्या. रात्रपाळीचा मुलगा दोन वाजता फाइल उघडत नाही.

मग ते पान त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. हे केल्याशिवाय पान पूर्ण झालं असं धरू नका. वाचताना तो दोनदा तरी "तसं नाही" म्हणतो, आणि खरी माहिती तिथे असते.

एक उदाहरण देतो, कारण ही चूक मी तीन हॉटेलांत पाहिली आहे. लिननचा ठोकताळा खोलीमागे तीन संच: एक पलंगावर, एक लॉन्ड्रीत, एक कपाटात. नवा मॅनेजर स्टोअर मोजतो, खोलीमागे चार संच निघतात. त्याला वाटतं पैसा अडकून पडलाय. तो पुढची खरेदी थांबवतो, फाटलेलं बाद होत जातं आणि संच साडेतीनवर येतात. जुलैमध्ये पाच दिवस ऊन पडत नाही. लॉन्ड्रीवाल्याचा ड्रायर एकटा, त्यात वीज जाते-येते. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. चौथा संच त्या पाच दिवसांसाठी होता. हाउसकीपिंगच्या बायने तो कधी कोणाला विचारून ठेवला नव्हता, म्हणून तो कागदावर नव्हता. शेवटी दमट चादरी अंथरल्या जातात, पाहुणा वासाची तक्रार ऑनलाइन टाकतो, आणि मीटिंगमध्ये बोलणी बाय खाते.

याची दुसरी बाजूही लिहायला हवी. त्याच बायच्या कपाटात १४ रंगांचे जुने पडदे होते, 'लागतील' म्हणून ठेवलेले. ते कधीच लागले नाहीत. जुन्या माणसाचं सगळंच सोनं नसतं. वेगळं काढायची रीत एकच: "हे शेवटचं कधी लागलं?" तारीख किंवा प्रसंग सांगता आला तर ठेवा. नुसतं "असू दे" आलं तर भंगारात.

सावध: "सगळं लिहून दिलं की मला घरी पाठवतील" ही भीती खरी असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. लिहायला बसण्याआधी शेटांकडून स्पष्ट बोलून घ्या. आणि खरोखरच कोणाला पुढच्या वर्षी निवृत्त करायचं ठरलं असेल तर आधी ते सांगा, मग वही काढा. लपवून माहिती काढून घेतलीत, तर ते बाकीच्या चाळीस जणांना कळतं आणि त्यानंतर तुम्हाला कोणी काही सांगत नाही.

## टप्पा ५: मधल्या फळीला धरा

प्रत्येक हॉटेलात ३५ ते ४८ वयाची चार-पाच माणसं असतात: कॅप्टन, असिस्टंट हाउसकीपर, फ्रंट ऑफिसची सीनियर मुलगी, सेकंड कुक. जुन्यांच्या हाताखाली यांनी शिव्या खाल्ल्या आणि नव्यांना कामही हेच लोक शिकवतात. दोन्हीकडची भाषा यांना येते. तरी नवा मॅनेजर एक तर सगळ्यात जुन्या माणसाला पटवत बसतो, नाहीतर आपल्या वयाच्या मुलांची टीम बांधतो. मधले राहून जातात.

माझं मत स्पष्ट आहे: कारभार बदलायचा तो यांच्या खांद्यावरून. टप्पा ४ ची पानं जुन्यांनी सांगायची, यांनी लिहायची, नव्यांनी वापरून बघायची. लिहिणारा मधला असला की जुन्याला चौकशी झाल्यासारखं वाटत नाही, आणि नव्याला पान कळतं. त्या कामाचा जास्तीचा वेळ ड्युटीत धरा आणि हुद्दा किंवा पगार, जे देता येईल ते द्या. फुकट शाबासकीवर हे लोक आधीच पंधरा वर्षं काढून बसलेत.

## टप्पा ६: एकच बदल

ऑगस्टमध्ये एक बदल करा. दुसरा सुचला तर वहीत लिहा. पहिल्या बदलाची निवड करताना तीन कसोट्या लावा: त्याने जुन्या माणसांची दमछाक कमी व्हावी, १५ दिवसांत फरक दिसावा, आणि फसला तर दुसऱ्या दिवशी मागे घेता यावा. बायोमेट्रिक हजेरी पहिल्या कसोटीतच बाद होते. तिने दमछाक कमी होते ती मालकाची.

मी बहुतेक वेळा खोल्यांच्या स्थितीपासून सुरू करतो. जुनी पद्धत अशी: मजल्यावरची बाय खोली तयार झाली की खाली येऊन फ्रंट ऑफिसला सांगते, नाहीतर एक पोरगा जिने चढत-उतरत राहतो. गुडघे दुखणाऱ्या बाईला फोनवर "दोनशे चार झाली" एवढा व्हॉइस मेसेज पाठवायला शिकवा. टाइप करायला लावू नका, ॲप तर नकोच. चार दिवसांनी ती स्वतःच विचारते, "बल्ब गेला तरी असंच सांगू काय?"

खोल्यांची स्थिती लिहायचा फ्रंट ऑफिसातला जुना फळा आणि नवी पद्धत १५ दिवस एकत्र चालू द्या. सोळाव्या दिवशी फळा पुसा. दोन्ही कायम चालू ठेवणं ही सगळ्यात महाग चूक, कारण मग दोन्हीकडे अर्धवट नोंदी होतात आणि पाहुणा न झाडलेल्या खोलीत जातो.

सावध: शिफ्टच्या वेळा बदलणं हा 'छोटा बदल' नाही. कामगारांच्या कामाच्या वेळा बदलायच्या तर आधी नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यापासून २१ दिवस थांबावं लागतं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला "उद्यापासून सकाळची पाळी सहाला" टाकून हे होत नाही.

आणि तो ग्रुप. त्याला वेळ लावून द्या: सकाळी सात ते रात्री आठ. त्यानंतर तातडीचं असेल तर फोन. जुनी माणसं रात्रीचा मेसेज सकाळी बघतात, नवी तो बघून वैतागतात. दोघांनाही तो नको असतो.

## टप्पा ७: चूक कशी सांगायची

इथे फरक खरोखर मोठा आहे. जुना सुपरवायझर पोराला सगळ्यांसमोर झाडतो आणि अर्ध्या तासाने स्वतःच्या पैशाने चहा-भजी खाऊ घालतो. त्याच्या हिशेबी प्रकरण मिटलं. कॉलेजातून आलेल्या मुलाच्या हिशेबी ते सुरू झालं. तो काही बोलत नाही, महिन्याच्या सात तारखेला पगार खात्यात पडतो आणि आठला "सर, आय ॲम नॉट कंटिन्यूइंग" असा मेसेज येतो.

नवा मॅनेजर याच्या उलट चुकतो. तो आवाज चढवत नाही, लेखी देतो. त्याच्या मते कागद म्हणजे सभ्यपणा. २५ वर्षं कामाला असलेल्या माणसाला पहिला मेमो मिळतो तेव्हा तो कागद घडी करून घरी नेतो, बायकोला दाखवतो, आणि पुढची पाच वर्षं विसरत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. जुन्यांना आधी एकट्याने, तोंडी, त्यांच्या जागी. तीच गोष्ट पुन्हा झाली तर शेट किंवा दुसरं जुनं माणूस बरोबर घेऊन. कागद तिसऱ्यांदा. नव्यांना एकट्याने, त्याच दिवशी, नेमकं काय चुकलं ते सांगून, आणि शेवटी दोन ओळी लिहून, म्हणजे "मला कोणी सांगितलंच नव्हतं" राहत नाही. अपवाद चोरीचा, दारू पिऊन ड्युटीवर येण्याचा आणि कोणाच्या अंगाला हात लावण्याचा. तिथे वय बघायचं नाही, पहिल्यांदाच कागद.

शाबासकीत उलट आहे. नव्या मुलाला ग्रुपवर नाव आलेलं आवडतं. जुन्याला ग्रुपवरचे अंगठे नकोत. त्याच्यासाठी शेटांनी फेरी मारताना थांबून "बरं केलंस" म्हणावं, किंवा पाहुण्याला भेटवून सांगावं, "हे आमचे जुने."

## टप्पा ८: चवथ

तुमचं काम जमलं की नाही हे चवथीला कळतं. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा प्रत्येक हिंदू कर्मचारी त्या दिवसांत घरी असणार. माटोळी (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची चौकट) बांधायची असते, मोठ्या घरात सगळे भाऊ जमतात. ती रजा नाकारायचा विचारही करू नका. जुन्या पद्धतीत हे तोंडी जमायचं: ख्रिश्चन सहकारी चवथ सांभाळायचे, हिंदू सहकारी नाताळ. ही देवाणघेवाण कुठल्या रोस्टरमध्ये लिहिलेली नसते. नवा मॅनेजर सॉफ्टवेअरमध्ये 'आधी मागेल त्याला आधी' लावतो आणि तिचा गळा दाबतो. मग नाताळात सगळे आजारी पडतात.

करायचं असं: चवथीच्या सहा आठवडे आधी जुन्यांना आणि मधल्यांना एकत्र बसवा. गेल्या दोन वर्षांत कोणी कोणासाठी काय सांभाळलं ते बोर्डवर लिहा. रोस्टर त्यांनाच मांडू द्या. तुम्ही फक्त आकडे बघा: प्रत्येक पाळीत किमान किती माणसं हवीत, आणि त्यांत स्वयंपाकघर व मेंटेनन्सचा एकेक जाणता आहे ना. मग ते रोस्टर लिहून लावा. तोंडी समजूत कागदावर आणणं एवढंच तुमचं काम.

तपासा: त्या पाच दिवसांत जुन्यांना किती फोन गेले ते मोजा. प्रत्येक फोन म्हणजे टप्पा ४ मधलं एक राहिलेलं पान. सप्टेंबरअखेरपर्यंत ती पानं लिहा.

## टप्पा ९: ऑक्टोबरपासून हात बांधा

सीझनमध्ये नवीन काही नाही. सुचलेलं वहीत. फक्त एक गोष्ट १ ऑक्टोबरआधी लेखी करा: कोण किती रुपयांपर्यंत कोणाला न विचारता खर्च करू शकतो. मी सुपरवायझरला ३,०००, मेंटेनन्सला ५,००० ठेवतो, तुमचे आकडे तुम्ही ठरवा. जुनी माणसं विचारल्याशिवाय खर्च करत नाहीत, कारण पूर्वी त्यासाठी बोलणी खाल्लेली असतात. नवी माणसं आधी खर्च करतात, मग बिल दाखवतात. आकडा लिहिला की दोघांचाही प्रश्न सुटतो, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री फ्यूजसाठी कोणी तुमचा फोन लागायची वाट बघत उभं राहत नाही.

याच काळात परदेशी पाहुण्यांच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म (सगळे त्याला फॉर्म सी म्हणतात) कोण भरतं तेही पक्कं करा. पाहुणा आल्यापासून २४ तासांत तो ऑनलाइन जायला हवा. जुन्या रिसेप्शनिस्टला पासपोर्ट बघून तपशील बरोबर काढता येतो, नव्याला पोर्टल पटापट चालवता येतं. एका पाळीत दोघांना एकत्र बसवा. दोन पिढ्यांची जोडी लावून फायदा होतो तो अशा ठिकाणी.

## टप्पा १०: शेटांचा दरवाजा

सगळं नीट झालं तरी एक वाट उघडी राहते. तुम्ही उचल नाकारली की माणूस रविवारी सकाळी शेटांच्या घरी जातो. शेट बाल्कनीत पेपर वाचत असतात, त्याच्या मुलीच्या लग्नाचं विचारतात आणि दहा हजार काढून देतात. सोमवारी तुमचा शब्द संपलेला असतो.

शेटांना "देऊ नका" म्हणू नका, ते ऐकणार नाहीत, आणि चाळीस वर्षांचं नातं तोडायला सांगण्याचा तुम्हाला हक्कही नाही. एवढंच ठरवून घ्या: पैसे त्यांनी द्यावेत, पण नोंद तुमच्या वहीत व्हावी, त्याच दिवशी. आणि रजा, पाळी, शिक्षा या तीन गोष्टींवर त्यांचं उत्तर एकच असावं: "मॅनेजरांना विचारलंस काय?" शेट हे वाक्य पहिल्यांदा म्हणतात तेव्हा हॉटेलभर बातमी जाते. दुसऱ्यांदा म्हणायची गरज सहसा पडत नाही.

राहिली ती पानांची वही. तिची एक प्रत फ्रंट ऑफिसच्या खणात, एक पंपरूममध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. पावसात पंपरूमच्या भिंतींना पाणी सुटतं, आणि पहिल्या वर्षी आमची वही बुरशीने गेली होती.